अकरावीचं इंग्रजी: ॲडमिशन झाली की सगळे विचारतात ते प्रश्न

अकरावी ॲडमिशनचे राउंड सुरू झाले की माझा फोन वाजायला लागतो, मुलांचे मेसेज कमी आणि त्यांच्या आयांचे जास्त, आणि प्रश्न दरवर्षी तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी सातारा जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, आर्ट्सलाही आणि सायन्सलाही. खालचं सगळं महाराष्ट्र राज्य बोर्डाच्या अकरावीबद्दल आहे, सीबीएसईवाल्यांसाठी मधे एक छोटा प्रश्न टाकलाय.

दहावीपेक्षा खूप अवघड असतं का?

पुस्तक बघून घाबरायला होतं एवढं खरं. दहावीत मराठी मिडियमच्या मुलांना माय इंग्लिश कोर्सबुक असतं आणि इंग्लिश मिडियमच्या मुलांना इंग्लिश कुमारभारती, म्हणजे दोघांची पुस्तकं वेगळी, पेपर वेगळे. अकरावीला मात्र दोघांच्याही हातात एकच युवकभारती येतं आणि एकच पेपर. त्यामुळे मराठी मिडियमच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात वाटतं की आपण चुकून दुसऱ्याच वर्गात येऊन बसलोय. धडे मोठे, वाक्यं लांब, शब्द अनोळखी, आणि शेजारचा मुलगा फाडफाड उत्तर देतोय.

पण वर्गात फाडफाड बोलणाऱ्याला पेपरात जास्त मार्क पडतातच असं नाही हो. इंग्लिश मिडियमची बरीच मुलं 'मला येतंय' म्हणून पुस्तकच उघडत नाहीत, ईमेलचा फॉरमॅट चुकवतात, कवितेवर चार ओळी लिहायला सांगितल्या की कवितेची गोष्टच सांगत बसतात. मराठी मिडियमची मुलं घाबरून का होईना अभ्यास करतात, त्यामुळे दिवाळीनंतर चित्र बरंच बदललेलं दिसतं. खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे दहावीत पाठ करून जे निघून जायचं ते इथे निघत नाही. त्याबद्दल खाली लिहिलंय, तेवढं तरी वाचाच.

सायन्सला वेगळं इंग्रजी असतं का? कॉमर्सला सोपं असतं म्हणे?

नाही. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स तिघांना एकच पुस्तक, एकच पेपर पॅटर्न. दुसरी भाषा म्हणून मराठी, हिंदी घ्या, काही कॉलेजात भाषेऐवजी आयटी मिळतं ते घ्या, पण इंग्रजी सगळ्यांना आहेच.

पेपर कसा असतो? नीट सांगा ना मॅडम.

वर्षाअखेरचा पेपर ८० मार्कांचा, वेळ ३ तास. त्याला प्रश्नपत्रिका न म्हणता कृतिपत्रिका म्हणतात, इंग्रजीत ॲक्टिव्हिटी शीट. चार सेक्शन असतात. पहिला गद्याचा, ३४ मार्क. दुसरा कवितेचा, १४. तिसरा रायटिंग स्किल्सचा, १६. चौथा नाटकाचा, १६. झाले ८०. उरलेले २० तोंडी आणि प्रोजेक्टचे, ते कॉलेजच घेतं.

आता गद्याच्या ३४ मार्कांचं बघा, कारण तिथेच सगळी गंमत आहे. एक उतारा पुस्तकातला येतो आणि एक पुस्तकाबाहेरचा, जो तुम्ही आयुष्यात कधी पाहिलेला नसतो. दोन्हीखाली साधारण एकाच घाटाचे प्रश्न असतात: चूक की बरोबर किंवा वाक्य पूर्ण करा, मग एखादा जाळीचा तक्ता भरा, मग उताऱ्यावरून अंदाज बांधून सांगायचं, मग पर्सनल रिस्पॉन्स म्हणजे तुमचं स्वतःचं मत, मग ग्रामर, मग शब्दसंपत्ती. प्रत्येकाला २ मार्क. त्यातले पहिले दोन उताऱ्यात शोधले की सापडतात, ते कोणालाही जमतात, वर्गात मागच्या बाकावर झोपणाऱ्यालाही. पुढचे जमत नाहीत कारण उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नसतं.

म्हणजे धडे पाठ केले तरी मार्क मिळणार नाहीत?

थोडे मिळतील. पण हिशोब करा, बाहेरचा उतारा पाठ कसा करणार? पर्सनल रिस्पॉन्स पाठ कसा करणार? रायटिंग स्किल्सचा विषय दरवेळी नवा असतो. सारांश लिहा, माइंड मॅप काढा, हेही त्या वेळी दिलेल्या मजकुरावरच असतं. म्हणजे ८० पैकी मोठा भाग असा आहे की तिथे पाठांतराचा उपयोगच नाही.

पहिल्या पाठात शेजाऱ्यांची गोष्ट आहे, मग त्यावर प्रश्न येतो की तुमच्या शेजाऱ्यांबद्दल चार वाक्यं लिहा. आता हे तरी स्वतःचं लिहायला काय हरकत आहे? पण नाही, गाईडमध्ये जे काका दिलेत तेच काका अख्ख्या वर्गाच्या शेजारी राहतात, तेच काका सगळ्यांना रात्री दवाखान्यात नेतात, आणि मी पेपर तपासताना विचार करते की हे काका झोपतात कधी. अशा उत्तराला मी तरी २ पैकी १ देते, कधी तोही देत नाही. याउलट एका मुलीने लिहिलं होतं की आमच्या शेजारच्या आजी पाणी आलं की भिंतीवर तांब्या वाजवतात. इंग्रजीत दोन चुका होत्या. पूर्ण मार्क दिले.

पहिल्या युनिट टेस्टला २५ पैकी ९ पडले. दहावीत तर ८२ होते! पेपर कडक तपासतात का?

हा पालकांचा हमखास प्रश्न, त्यामुळे जरा सविस्तर.

दहावीत वर्षभर शाळा, क्लास, सराव पेपर, परत सराव पेपर, असं सगळं चालू असतं आणि त्या ८२ मध्ये शाळेने दिलेले अंतर्गत मार्कही असतात. अकरावीत ॲडमिशनच लांबते, मुलं उशिरा येतात, कोणी तिसऱ्या राउंडनंतर येतं, तोवर दोन धडे होऊन गेलेले. शिवाय 'अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष' हे घराघरात ठरलेलं असतं. मग पहिली टेस्ट येते आणि ९ पडतात. यात कडक बिडक काही नाही.

घाबरण्यासारखंही नाही, कारण अकरावीचा निकाल पूर्ण वर्षावर लागतो. पहिली युनिट टेस्ट २५ ची, सहामाही ५० ची, दुसरी युनिट टेस्ट २५ ची आणि वार्षिक ८० अधिक २०. सगळे मिळून २०० होतात, त्याचे निम्मे करून १०० पैकी मार्क देतात. पास व्हायला ३५. म्हणजे पहिल्या टेस्टमधले ९ हे २०० मधले ९ आहेत. पण सहामाहीलाही तसंच झालं तर मग बसून बोलायला पाहिजे, क्लास लावायच्या आधी मुलाची वही बघा, उत्तरपत्रिका कॉलेजात येऊन बघा. बहुतेक वेळा असं दिसतं की मुलाने सोपे प्रश्न बरोबर सोडवलेत आणि लिहायचे प्रश्न कोरे सोडलेत. चुकलेलं नसतंच, लिहिलेलंच नसतं.

अकरावीचे मार्क पुढे कुठे धरतात का?

बारावीच्या निकालात नाही धरत. परीक्षा कॉलेजच घेतं, बोर्ड नाही. आणि नेमकं यामुळेच पोरं हे वर्ष वाया घालवतात. अहो, बारावीच्या इंग्रजीचा पेपर जवळपास याच साच्याचा असतो, नाटकाच्या जागी कादंबरी येते एवढाच मोठा फरक. आणि बारावीच्या रायटिंग स्किल्समध्ये ईमेल, रिपोर्ट, मुलाखत, भाषण, सूत्रसंचालन, कल्पनाविस्तार, ब्लॉग, आवाहन, फिल्म रिव्ह्यू, हे जे विचारतात त्यातलं बरंचसं अकरावीतच शिकवून झालेलं असतं. बारावीला शिकवणारे सर 'हे तुमचं झालंय ना मागच्या वर्षी' म्हणून पुढे जातात आणि वर्ग शांत.

मुलगा नीट/सीईटीची तयारी करतोय, इंग्रजीला वेळ देऊ की नको?

नीटच्या पेपरात इंग्रजी नाही, एमएचटी-सीईटीतही नाही, हे खरंय. पण मेडिकलच्या प्रवेशासाठी बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीबरोबर इंग्रजी पास असावं लागतं. ज्यांचं कॉलेज फक्त नावाला आहे आणि मुलगा दिवसभर कोचिंग क्लासमध्ये असतो त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवा. इंग्रजीचा एकही तास न बसता बारावीच्या फेब्रुवारीत पुस्तक पहिल्यांदा उघडणारी मुलं दरवर्षी असतात.

बाकी ज्यांना एनडीएला जायचंय त्यांच्यासाठी इंग्रजी हा टाळता येणारा विषय नाहीच, जनरल ॲबिलिटीच्या ६०० मार्कांत २०० इंग्रजीचे असतात. बारावीनंतर लॉ करायचं असेल तर पाच वर्षांच्या कोर्सच्या सीईटीत इंग्रजीचे प्रश्न असतात, बीबीए-बीएमएसच्या सीईटीतही असतात. यूपीएससी मुख्य परीक्षेत इंग्रजीचा पात्रता पेपर असतो. म्हणजे सायन्सवाल्यांना वाटतं तेवढा हा विषय कोपऱ्यातला नाही. किती वेळ द्यायचा म्हणाल तर आठवड्यात तीन दिवस अर्धा-अर्धा तास, पण त्यात वाचायचं कमी आणि लिहायचं जास्त.

वर्गात इंग्रजीतच बोलावं लागतं का? मला बोलताच येत नाही.

नाही रे बाबा. आमच्याकडे धडा इंग्रजीत वाचतो, समजावतो मराठीत, मधे मधे हिंदी घुसते. पुण्या-मुंबईच्या काही कॉलेजांत पूर्ण इंग्रजीत शिकवतात, तिथे पहिला महिना जड जातो पण कान सरावतात. शंका मराठीत विचारली म्हणून कोणी हाकलत नाही. हसणारे असतात वर्गात एक-दोन, त्यांचे मार्क नंतर बघा.

उलट खरं सांगायचं तर अकरावीच्या वर्गात इंग्रजी बोलायला शिकाल या भ्रमात राहू नका. एका वर्गात ८०-१०० पोरं, तास पाऊण तासाचा, त्यात हजेरी. प्रत्येकाला एक वाक्य बोलायला लावलं तरी तास संपतो. तोंडी परीक्षेला दोन-तीन मिनिटं बोलायचं असतं, विषय ठरवून तयारी करता येते. बोलायचं शिकायचं तर मित्र-मैत्रिणी मिळून रोज दहा मिनिटं चुकत-माकत बोलणं, याला पर्याय नाही. पैसे भरून स्पीकिंगचा कोर्स लावायची अकरावीत तरी गरज वाटत नाही मला.

ग्रामर किती येतं? दहावीचंच असतं का?

बरंचसं तेच. पॅसिव्ह व्हॉइस, इनडायरेक्ट स्पीच, डिग्री, टेन्स, आर्टिकल, प्रीपोझिशन, मोडल ऑक्झिलरी, सिंपल-कम्पाउंड-कॉम्प्लेक्स, 'टू' काढून लिहा, 'नो सूनर दॅन' वापरा, 'नॉट ओन्ली बट ऑल्सो' वापरा, असं 'डू ॲज डायरेक्टेड' म्हणून येतं. नवीन फार नाही पण दहावीत एक-एक प्रकार सुटा यायचा, इथे उताऱ्यातलं लांबलचक वाक्य उचलून देतात, तिथे पोरं अडकतात.

मराठी घरातल्या मुलांच्या चुका मात्र वर्षानुवर्षं त्याच. 'डिड' नंतर 'वेन्ट'. 'ही' आणि 'शी' च्या पुढच्या क्रियापदाचा एस विसरणं. 'आय ॲम ॲग्री'. 'डिस्कस अबाउट'. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. आणि 'ए', 'ॲन', 'द' तर मिठासारखं वाटेल तिथे टाकलेलं, कारण मराठीत असलं काही नसतंच तर कळणार कुठून. एवढ्या पाच-सहा गोष्टी स्वतःच्या लिखाणात पकडायची सवय लागली तरी पेपर एकदम वेगळा दिसतो. ग्रामरची जाडजूड पुस्तकं घेऊन नियम पाठ करणारी मुलं मी बघते, नियम तोंडपाठ आणि निबंधात परत 'डिड वेन्ट' आहेच. स्वतःच लिहिलेली पानं लाल पेनाने तपासा, दुसऱ्या दिवशी तपासा, लगेच नाही. लगेच स्वतःची चूक दिसत नाही.

कविता का असतात? मला त्यातलं काहीच कळत नाही.

का असतात याचं उत्तर मी इथे देत बसत नाही, वर्गात या. कळत नाही यावर बोलू.

कवितेला १४ मार्क, त्यातले ४ ॲप्रिसिएशनचे म्हणजे रसग्रहणाचे. आणि रसग्रहण हा प्रकार मराठी मिडियमच्या मुलांनी दहावीच्या मराठीत केलेला असतो हो! उपमा, रूपक, अनुप्रास, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती हे सगळे अलंकार तुम्हाला येतात. इंग्रजीत तेच सिमिली, मेटाफर, अलिटरेशन, पर्सॉनिफिकेशन, हायपरबोली होऊन आलेत. याशिवाय इन्व्हर्जन, अँटिथिसिस, ट्रान्सफर्ड एपिथेट असे थोडे नवे. अलंकार ओळखून थांबायचं नाही, का आहे ते एका वाक्यात सांगायचं, नाहीतर अर्धा मार्क कापला जातो.

रसग्रहणाला मुद्दे पेपरातच दिलेले असतात: कवी आणि शीर्षक, विषय, भाषा आणि अलंकार, संदेश, तुमचं मत. चार मार्क आहेत, चार छोटे परिच्छेद लिहा, लांबण नको. 'धिस इज अ व्हेरी नाइस पोएम' हे मत नाही, हे न लिहिलेलंच बरं.

कविता निवडल्यात मात्र छान, हे माझं वैयक्तिक मत. रस्किन बाँडची चेरीच्या झाडाची कविता कोणालाही पहिल्या वाचनात कळते, बी लावलं, बकरीने पानं खाल्ली, तरी झाड वाढलं. टागोरांची उपगुप्ताची कविता गोष्टच आहे, मथुरेच्या तटबंदीजवळ झोपलेला भिक्खू आणि ती नर्तकी. आणि सिंगापूरचे कवी बोए किम चेंग यांची प्लॅनर्स वाचून पुण्याच्या एखाद्या पोराला आपल्या पाडलेल्या वाड्याची आठवण नाही आली तर नवल, सगळं सरळ रेषेत, सगळं चकाचक, आणि जुनं काही शिल्लक नाही. ती कविता शिकवताना मी पहिल्यांदा मुलांना विचारते की तुमच्या गावात गेल्या पाच वर्षांत काय काय पाडलं. यादी होते मोठी. मग कविता वाचतो. मग कोणी म्हणत नाही कळली नाही म्हणून.

नाटक म्हणजे शेक्सपियर? तो तर जुन्या इंग्रजीत असतो ना?

शेक्सपियरचा एक भाग आहे, हो, पण नाटकाचा सेक्शन एवढ्यावर थांबत नाही. आधी इंग्रजी नाटकाचा थोडक्यात इतिहास, त्यावर एका-एका मार्काचे छोटे प्रश्न येतात, ते मात्र पाठ करायचे, तिथे दुसरा इलाज नाही. मग उतारे.

लेडी ग्रेगरी यांची एकांकिका आहे, आयर्लंडमधली, १९०७ साली डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये पहिल्यांदा झाली. बंदरावर पहारा देणारा सार्जंट, फरार क्रांतिकारक, त्याच्या डोक्यावर शंभर पौंडांचं बक्षीस, आणि दोघं पाठीला पाठ लावून पिंपावर बसून गप्पा मारतात. सातारा-सांगलीच्या पोरांना हे शिकवायला मला काहीच कष्ट पडत नाहीत. १९४२ च्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या पत्री सरकारच्या गोष्टी घरात ऐकलेल्या असतात, पोलिसाने भूमिगताला बघून न बघितल्यासारखं करणं म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नाही.

इब्सेनचं एनिमी ऑफ द पीपल हे माझं लाडकं. गावाचा सगळा धंदा ज्या औषधी पाण्याच्या स्नानगृहांवर चाललाय ते पाणीच दूषित आहे असं डॉक्टरला कळतं, तो सांगायला जातो, महापौर त्याचा सख्खा भाऊ, आणि अख्खं गाव डॉक्टरच्याच विरोधात उभं राहतं. १८८२ चं नाटक आहे. सत्यजित रे यांनी १९८९ मध्ये यावर गणशत्रू सिनेमा केला, त्यात स्नानगृहाच्या जागी देवळातलं तीर्थ आहे. मिळाला तर बघा, बंगाली कळत नसलं तरी सबटायटल आहेत, आणि त्यानंतर पात्रांवरचा कुठलाही प्रश्न तुम्हाला लिहिता येईल.

नाटकावर प्रश्न येतात ते पात्राचा स्वभाव, कथानक, विषय, ठिकाण-काळ आणि भाषा यावर. शेक्सपियरच्या भागाला भिऊ नका, 'दाऊ' म्हणजे तू, 'दाय' म्हणजे तुझा, एवढं धरलं की निम्मं काम होतं. नाटक डोळ्यांनी वाचू नका, दोघं-तिघं मिळून पात्रं वाटून घेऊन मोठ्याने वाचा. वाचताना हसू येतं, येऊ दे.

गद्यातला सगळ्यात अवघड धडा कोणता?

मुलांना विचाराल तर बाबासाहेबांचं भाषण. मला विचाराल तर तोच सगळ्यात सोपा. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत केलेलं भाषण, त्यातला भाग आहे. वाक्यं लांब आहेत पण एका मुद्द्यातून दुसरा मुद्दा निघतो, नुसती राजकीय लोकशाही पुरत नाही, सामाजिक लोकशाही पाहिजे, म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तिन्ही एकत्र, एक काढलं की बाकीची दोन टिकत नाहीत. नोट-मेकिंग शिकायला याच्याइतका चांगला मजकूर पुस्तकात दुसरा नाही, कारण मुद्दे आधीच रांगेत उभे आहेत. आणि हे भाषण बहुतेकांनी मराठीत ऐकलेलं, वाचलेलं असतं, १४ एप्रिलला गावातल्या स्टेजवर याच्या ओळी येतात. आधी मराठीत वाचा, मग इंग्रजीत.

मराठीत आधी वाचलं तर चालतं का? सर म्हणतात इंग्रजीत विचार करा.

चालतं. इंग्रजीत विचार करा हे सांगायला सोपं आहे, ज्याच्या घरी कोणी इंग्रजीचा एक शब्द बोलत नाही त्याने कसा करायचा? आधी धडा काय आहे ते मराठीत कळू दे. फक्त उत्तर लिहिताना मराठी वाक्य मनात तयार करून एकेक शब्द उलटा करू नका. छोटं वाक्य लिहा. एका वाक्यात एकच गोष्ट. सतरा शब्दांचं चुकीचं वाक्य लिहिण्यापेक्षा सहा-सहा शब्दांची तीन बरोबर वाक्यं लिहिली की मार्क जास्त पडतात आणि तपासणाऱ्याचाही जीव वाचतो.

ईमेल, ब्लॉग वगैरे चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर?

घरी घ्या लिहून, मला काय कळणार आहे, कळतं पण असू दे. परीक्षेत हातात पेनच असतं. शिवाय ते इतकं गुळगुळीत लिहितं की अकरावीच्या मुलाने पाठ करून उतरवलं की लगेच लक्षात येतं. वापरायचंच असेल तर उलट वापरा, आधी स्वतः लिहा, मग त्याला म्हणा माझ्या चुका दाखव, आणि चूक का आहे ते विचारा. असा वापर केलेल्या एक-दोन मुलांची प्रगती मी स्वतः बघितलीय, त्यामुळे सरसकट नाही म्हणत नाही.

रायटिंग स्किल्सचे मार्क सगळ्यात सोपे असतात खरं तर. ईमेलला टू, सब्जेक्ट, संबोधन, शेवट हे नीट असलं की अर्धं काम झालं. मुलाखतीचे प्रश्न काढताना 'व्हॉट इज युवर नेम' हा पहिला प्रश्न लिहू नका, ज्याची मुलाखत घ्यायला गेलात त्याचं नाव तुम्हाला माहीत नाही?

क्लास लावायचा का?

शक्यतो नाही. पैसे असतील आणि कॉलेजात तास होतच नसतील तर लावा. पण इंग्रजीचे क्लास बहुतेक ठिकाणी तयार उत्तरं देतात, आणि तयार उत्तरांचं काय होतं ते वर काकांच्या प्रकरणात सांगितलंय. त्यापेक्षा कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना किंवा मॅडमना आठवड्यात एक पान लिहून दाखवा. कोणी दाखवत नाही, त्यामुळे जो दाखवतो त्याचं आम्ही आनंदाने बघतो, खरंच.

गाईड?

घ्या, पण ग्रामर आणि शब्दार्थ बघायला. पर्सनल रिस्पॉन्सच्या पानांना स्टेपल मारून ठेवा.

सीबीएसईतून राज्य बोर्डात आलोय, काय फरक पडेल?

सीबीएसईच्या अकरावीत इंग्लिश कोअरला हॉर्नबिल आणि स्नॅपशॉट्स अशी दोन पुस्तकं असतात, इथे एकच युवकभारती. तुम्हाला भाषा जड जाणार नाही, पण पेपरचा साचा वेगळा आहे, तक्ते, जाळ्या, 'डू ॲज डायरेक्टेड' याची सवय नसते. दोन जुन्या कृतिपत्रिका सोडवून बघा, जमून जाईल. आयसीएसईवाल्यांना तर साहित्याचा वेगळा पेपर द्यायची सवय असते, त्यांची रसग्रहणं सगळ्यात छान असतात, फक्त वेळेत संपत नाहीत.

नापास झालो तर?

कॉलेज फेरपरीक्षा घेतं. त्यासाठी जूनमध्ये रडत येणारे बहुतेक जण असे असतात ज्यांनी २० मार्कांचं प्रोजेक्ट दिलेलंच नसतं, किंवा तोंडीला आलेलेच नसतात. ते २० मार्क सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. प्रोजेक्ट साधं असतं, एखाद्या लेखकावर, गावातल्या एखाद्या माणसाच्या मुलाखतीवर, पाहिलेल्या नाटकावर. नेटवरून प्रिंट मारलेलं चकचकीत प्रोजेक्ट नको, हाताने लिहिलेली सहा पानं द्या. गावातल्या जुन्या टपाल मास्तरांची, एसटीच्या रिटायर्ड कंडक्टरची मुलाखत इंग्रजीत करून आणलेली मुलं मला आठवतात.

जुनं पुस्तक चालेल का? पीडीएफ मिळते का?

पुस्तक २०१९ मध्ये आलेलं आहे, ताईचं, शेजारच्या दादाचं जे असेल ते चालतं, फक्त ॲडमिशन झाली की कॉलेजात एकदा विचारून खात्री करा. बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे. पण मोबाइलवर धडा वाचायला गेलात की वरून नोटिफिकेशन येतं आणि अर्ध्या तासाने तुम्ही भलतीकडेच असता, त्यामुळे छापील घ्या. जुनं घेतलंत तर आधीच्या मालकाने पेन्सिलने भरलेली उत्तरं पहिल्या दिवशीच खोडून टाका, त्यातली निम्मी चुकीची असतात.